रजिस्टरचा नकाशा वाचताना : एडी९३६१ च्या दोन पुस्तिकांबद्दल



पीएचडीची तयारी करणारे बरेच जण विचारतात, "सुरुवातीला कोणते पेपर वाचू?" पेपर तर वाचाच. पण तुमचं काम हार्डवेअरवर असेल, तर ज्या मजकुरावर तुमचं अख्खं वर्ष टांगलेलं असतं तो पेपरात नसतो, चिपच्या पुस्तिकेत असतो. आपण पेपरची चिरफाड करतो, पुस्तिकेला मात्र पोथीसारखा हात जोडतो. आज तसं न करता पुस्तिकेचीच समीक्षा करू या.

चिप आहे ॲनालॉग डिव्हायसेसची एडी९३६१. एकाच तुकड्यात रेडिओ पाठवणं आणि घेणं, दोन्ही. ७० मेगाहर्ट्झ ते ६ गिगाहर्ट्झ पट्टा, १२ बिटचे एडीसी आणि डीएसी, आकार १० मिमी बाय १० मिमी. तिच्या धाकट्या भावंडांवर बनलेले स्वस्त बोर्ड आता बऱ्याच कॉलेजांत दिसतात. या चिपला बाहेरून बटण नाही. जे सांगायचं ते बहुतेक सगळं एसपीआयच्या तारांवरून, रजिस्टरमध्ये आकडे लिहून सांगायचं. पत्ता १० बिटचा, म्हणजे १०२४ कप्प्यांची जागा.

हे समजावणाऱ्या पुस्तिका दोन. यूजी-५७० चिप कशी चालते ते सांगते, यूजी-६७१ कोणत्या पत्त्यावर कोणता बिट आहे ते सांगते.

आधी चांगलं सांगतो. नकाशा नेटका आहे आणि चिपची मांडणी विचारपूर्वक केलेली आहे. पहिलंच रजिस्टर ००० बघा. त्यातले बिट दोन्ही टोकांनी सारखे ठेवलेत. तुमचा प्रोसेसर बिट उजवीकडून पाठवो की डावीकडून, अर्थ तोच निघतो. आपल्या लाइनवरून जाणारी 'नवजीवन' जशी कुठूनही वाचली तरी नवजीवनच, तसं. ०३७ मध्ये चिपची ओळख असते. बोर्ड हातात आल्यावर सगळ्यात आधी तेच वाचा. तिथे बरोबर उत्तर आलं नाही तर पुढचं सगळं व्यर्थ. (पत्ते सगळे हेक्समध्ये दिलेत.)

आता तक्रार. नकाशा पत्त्याच्या क्रमाने लावलेला आहे, कामाच्या क्रमाने नाही. एक उदाहरण सोडवून बघू.

रिसीव्हर ८६६ मेगाहर्ट्झवर आणायचा आहे. आपल्याकडे ८६५ ते ८६८ हा पट्टा ठरलेल्या मर्यादेत विनापरवाना वापरता येतो, म्हणून तो घेतला. चिपचा आतला व्हीसीओ ६ ते १२ गिगाहर्ट्झमध्ये फिरतो, म्हणून ८६६ ला ८ ने गुणायचं : ६९२८. क्रिस्टल ४० चा, आत दुप्पट करून ८०. ६९२८ भागिले ८० म्हणजे ८६.६. यातले ८६ पूर्णांकाच्या रजिस्टरमध्ये जातात. उरलेल्या ०.६ ला ८३८८५९३ ने गुणून ५०३३१५६ हा आकडा अपूर्णांकाच्या तीन रजिस्टरमध्ये जातो. ८३८८५९३ ही २ च्या २३ व्या घातापेक्षा लहान असलेली सर्वांत मोठी मूळसंख्या आहे. गोल करताना जी चूक राहते ती पाव हर्ट्झच्याही आत.

इथवर गणित. गंमत पुढे आहे. पूर्णांक २३१ आणि २३२ वर, अपूर्णांक २३३ ते २३५ वर. तुम्ही साहजिकच २३१ पासून लिहायला घ्याल, आणि तिथेच फसाल. कारण २३१ वर लिहिलं की व्हीसीओचं कॅलिब्रेशन सुरू होतं. म्हणजे अपूर्णांक यायच्या आधीच चिप कामाला लागली! म्हणून २३५ पासून खाली उतरत यायचं आणि २३१ शेवटी लिहायचं. एसपीआयने एका दमात अनेक बाइट लिहिताना चिप नेहमीच्या पद्धतीत पत्ता खालीच मोजते, त्यामुळे मांडणी मुळात यासाठीच केली असावी असं मला वाटतं. पण रजिस्टरचा तक्ता वरून खाली वाचणाऱ्याला हे कळत नाही. कारण एका पुस्तिकेत, पत्ता दुसऱ्या पुस्तिकेत, जोडणी आपल्या डोक्यात.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. आमच्या धामणगाव स्टेशनसारख्या कुठल्याही ठिकाणी इंटरलॉकिंग असतं. रुळाचा पॉइंट नीट बसून लॉक झाल्याशिवाय सिग्नल मिळतच नाही. चिपमध्ये तसं फारसं नाही. काही कॅलिब्रेशन ती अलर्ट अवस्थेत असतानाच चालवायची असतात. ०१६ मध्ये बिट लिहायचा, काम झालं की तो आपोआप शून्य होतो, तोवर थांबायचं. पण तुम्ही न थांबता पुढे गेलात तर चिप हात धरत नाही. रजिस्टर परत वाचलं तर तुमचाच आकडा दिसतो. 'लिहिलं गेलं' आणि 'लागू झालं' यातला फरक पुस्तिकेने ठळक टाइपात छापायला हवा होता. शिवाय बऱ्याच बिटांपुढे नुसतं 'अमुक मूल्य ठेवा' एवढंच आहे. का ठेवा? उत्तर नाही. कारखान्यात ते चालतं, संशोधनात चालत नाही. 'का' माहीत नसलेलं सेटिंग म्हणजे तुमच्या प्रयोगातला न मोजलेला घटक.

हे मी शहाणपणाने बोलत नाहीये, हात पोळून बोलतोय.

पऱ्हाटीच्या उभ्या पिकातून रेडिओ लहर किती क्षीण होते, हे मला मोजायचं होतं. ऑक्टोबरमध्ये घरच्या वावरात ५, १०, २०, ४० मीटरवर वाचन घेतलं. मोकळ्या जागेतसुद्धा अंतर दुप्पट झालं की सुमारे ६ डेसिबल कमी व्हायला हवेत. माझ्या आलेखात रेघ जवळपास आडवी. मी खूश! 'पिकाचा अडथळा नगण्य' असं वाक्यही लिहून टाकलं. बाबांनी आलेख बघितला आणि म्हणाले, "काहून रे, दूर गेल्यावर आवाज कमी होत नाही तुया मशीनले? मायी हाक तं बांधापर्यंत जात नाही."

मी हसलो. जानेवारीत हसू गेलं. ०एफए या रजिस्टरमधले दोन बिट गेन कोण ठरवणार ते सांगतात : शून्य म्हणजे आपण, दोन म्हणजे चिप स्वतः, हळूहळू. माझ्या बोर्डाच्या तयार सेटिंगमध्ये दोन होतं. सिग्नल जितका क्षीण होत होता, तितका चिप गेन वाढवत होती. मी पीक मोजतच नव्हतो, चिपचा प्रामाणिकपणा मोजत होतो. त्या क्षणाचा गेन २बी० मधून वाचता येतो. तो सोबत नोंदवला असता तर सगळं वाचन सुधारता आलं असतं. नोंदवला नव्हता. आणि तोवर पऱ्हाटी उपटून झाली होती. कोडची चूक रात्रीत दुरुस्त होते, हंगाम वर्षातून एकदाच येतो.

यात दोष माझाच. पुस्तिकेत गेनचे प्रकार व्यवस्थित दिलेत. पण 'मोजमाप करणाऱ्याने हे बंद ठेवावं' अशी एक ओळ मी शोधत राहिलो, कारण ही पुस्तिका दळणवळणाची यंत्रं बनवणाऱ्यांसाठी लिहिली आहे, आणि त्यांना गेन आपोआपच हवा असतो. पुस्तिका कोणासाठी लिहिली आहे हे ओळखणं, हाच तिच्या वाचनातला पहिला धडा.

मग करायचं काय? माझी आताची पद्धत सांगतो.

एक, पुस्तिकेसोबत लिनक्समधला खुला ड्रायव्हर उघडा. क्रम तिथे कळतो, कारण कोडला क्रम चुकवून चालत नाही. व्हीसीओच्या सेटिंगचे ५३ ओळींचे तक्तेही तिथे जसेच्या तसे आहेत. ड्रायव्हर ही या चिपची तिसरी पुस्तिका आहे, आणि तीन्हींत तीच जास्त खरी बोलते.

दोन, प्रयोगाआधी आणि नंतर सगळी रजिस्टरं वाचून फाइलमध्ये ठेवा, तारखेसकट. दोन फाइलींतला फरक बघायला दोन मिनिटं लागतात.

तीन, ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे अशी एक चाचणी घ्या. ट्रान्समीटरचं ॲटेन्युएशन ०.२५ डेसिबलच्या पायऱ्यांनी ८९.७५ पर्यंत बदलता येतं. ते १० डेसिबलने वाढवा. (आकडा वाढला की पाठवलेली ताकद कमी होते, इथेही गोंधळ होतो.) रिसीव्हरला १० डेसिबल कमी दिसले नाहीत, तर वावरात जाऊ नका.

पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांचा 'स्वयम्' उपग्रह २२ जून २०१६ ला पीएसएलव्ही-सी३४ वरून वर गेला. तिथे रेडिओचं एखादं सेटिंग चुकलं तर शिडी लावून बघता येत नाही. आपलं वावर जमिनीवर आहे, म्हणून आपण निष्काळजी होतो, एवढंच.

एकंदरीत : यूजी-६७१ हा उत्तम कोश आहे आणि वाईट शिक्षक. कोश म्हणून टेबलावर ठेवा, शिकायला यूजी-५७० आणि ड्रायव्हर घ्या. आणि आलेखातली रेघ फारच सरळ आली, तर आनंद व्हायच्या आधी घरातल्या एखाद्या शेतकऱ्याला दाखवा.

यंदा पुन्हा ऑक्टोबरची वाट बघतोय. ०एफए मध्ये शून्य लिहून ठेवलंय.