सखा कुठे बसलाय?

विशीतल्या काझुओ ओनो या जपानी नर्तकाने १९२९ साली टोकियोत ‘ला आर्हेन्तिना’ या नावाने गाजलेल्या स्पॅनिश नर्तकीचा कार्यक्रम पाहिला. तिच्यासाठी त्याने प्रयोग उभा केला तो १९७७मध्ये, सत्तरी गाठल्यावर. तोवर तिला जाऊन चार दशकं झाली होती. चेहऱ्याला पांढरा रंग, अंगात बाईचा झगा आणि सुरकुतलेले हात. तो तिची नक्कल करत नाही, तिची वाट पाहतो. एकट्या देहाने मांडलेल्या प्रेमाचा विषय निघाला की मला आधी ते म्हातारे हात आठवतात.

प्रेमाला दोघं लागतात आणि मंचावर असतो एक. एकट्याने करायच्या या नाट्यप्रकाराची सगळी गंमत इथेच आहे आणि सगळी गोचीही. आपल्याकडे ती फार जुनी. संस्कृतातल्या ‘भाण’ या रूपकप्रकारात एकटा विट, म्हणजे रंगेल बोलघेवडा माणूस, रस्त्याने जाताना न दिसणाऱ्या माणसांशी बोलतो, त्यांची उत्तरं ऐकल्यासारखं करून आपणच पुन्हा सांगतो. याला आकाशभाषित म्हणतात. ‘उभयाभिसारिका’मधला विट रुसलेल्या जोडप्याचा समेट करायला निघतो, वाटेत रेंगाळतो, आणि पोचेपर्यंत त्यांचं परस्पर जुळलेलं असतं. जोडपं मंचावर येतच नाही, तरी नाटक त्यांचंच.

आज हीच गोची नताली पालामिडीस या अमेरिकन विदूषक-अभिनेत्रीने थेट अंगावर घेतली आहे. २०२४च्या एडिंबरा फ्रिंज महोत्सवात गाजलेल्या ‘वीअर’मध्ये ती उभी दुभागलेली असते: अर्ध्या अंगावर मार्क, अर्ध्या अंगावर क्रिस्टिना. कूस बदलली की माणूस बदलतो. भांडण आणि चुंबन एकाच कुडीत. आपल्याला अर्धनारीनटेश्वर आठवणारच, पण इथे देवत्व नाही, धसमुसळेपणा आहे. हसता हसता लक्षात येतं की यातला प्रत्येक स्पर्श ती स्वतःलाच करतेय.

उलट, ‘मी स्वतःवर प्रेम करायला शिकले’ असं जाहीर करणारे प्रयोग मला बहुतेकदा फिके वाटतात. आधी मोडलेलं लग्न किंवा लहानपणीची कुचेष्टा, मग जमिनीवर लोळणं, मग आरसा, शेवटी स्वतःलाच मारलेली मिठी. घाम खरा असतो, पण शोध घरीच संपलेला असतो. शब्द निकाल देऊन मोकळे होतात, देहाला खाली सही करायची तेवढी उरते.

दिल्लीच्या मल्लिका तनेजाने ‘थोडा ध्यान से’मध्ये हा सोपा रस्ता घेतला नाही. सुरुवातीला ती विवस्त्र आणि निःशब्द उभी राहते, बघणाऱ्यांकडे बघते. मग बाईने कसं जपून राहावं हे सांगत एकावर एक कपडे चढवत जाते. तिला जे काही स्वतःविषयी म्हणायचंय, ते त्या पहिल्या उभं राहण्यातच म्हणून होतं. मुंबईची ज्योती डोगरा ‘ब्लॅक होल’मध्ये एका पांढऱ्या चादरीवर खगोलशास्त्र आणि जवळच्या माणसाचं जाणं, दोन्ही पेलते. चादर अवकाश होते, तीच अंथरूणही होते.

मराठीत एकपात्रीची परंपरा दांडगी, पण ती जिभेची. पु. लं.ची ‘बटाट्याची चाळ’, लक्ष्मण देशपांडे यांच्या ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मधल्या ५२ व्यक्तिरेखा, सुषमा देशपांडे यांचं ‘व्हय मी सावित्रीबाई’: इथे देह असतो तो आवाजाच्या दिमतीला. तक्रार नाही, आपल्याला नाटक कानांनीच आवडतं. मात्र देहाने प्रेम सांगणारे वस्ताद आपल्याकडे होते. आपण त्यांना नटांमध्ये मोजलं नाही, इतकंच.

यमुनाबाई वाईकरांची बैठकीची लावणी घ्या. पाय दुमडून बसलेलं शरीर, तीच ओळ पुन्हा पुन्हा, आणि दर खेपेला भुवई, नजर, मनगट यांतून वेगळाच अर्थ: रुसवा, आर्जव, मध्येच एखादा टोमणा. सखा समोर नसतो. तरी तो कुठल्या बाजूला बसलाय, मघापासून किती गप्प आहे, आता हसला की काय, हे सगळं तिच्या नजरेवरून कळतं.

पुण्या-मुंबईच्या छोट्या रंगमंचांवर एका बॅगेत मावणारे प्रयोग घेऊन फिरणारी तरुण नटमंडळी देहनाट्य शिकवणाऱ्या फ्रेंच झाक लेकॉकच्या पद्धतीच्या कार्यशाळा करतात. जरूर कराव्यात. अदा शिकायला यमुनाबाईंच्या वाईची एसटी पकडलेला नट मात्र मला अजून भेटायचाय.