चांदीचा पंजा कुठला?

बर्लिनच्या बोधचिन्हात अस्वल का? जर्मनमध्ये अस्वलाला 'बेअर' म्हणतात, म्हणून बर्लिन! ऐकायला झकास. अस्वल १२८० च्या शिक्क्यावर आहेच. पण शहराचं नाव बहुधा दलदल या अर्थाच्या स्लाव्ह शब्दावरून पडलंय. म्हणजे अस्वलामुळे नाव नाही, नावाच्या उच्चारामुळे अस्वल.

शिरूर-दौंड भागात विषय शोधत असाल तर असाच एक सापळा तुमच्या अंगणात आहे. पूना हॉर्स, म्हणजे अरुण खेत्रपाल यांची रेजिमेंट, १८१७ मध्ये उभी राहिली. ३१ डिसेंबर १८१७ ला स्टाँटन शिरूरहून कोरेगावकडे निघाला, तेव्हा हे नवे स्वार त्याच्याबरोबर होते. पुढे घोडनदीच्या छावणीत याच घोडदळाचा मुक्काम असे. आणि रेजिमेंटच्या निशाणाच्या टोकाला आहे चांदीचा पंजा.

आता आपल्या गावांत मोहरमला पंजे बसतात, हिंदू घरंही नवस बोलतात. दोन ठिपके जोडले की निष्कर्ष तयार: पंजा इथूनच गेला. मीही एका टिपणात हे जवळपास लिहून टाकलं होतं. कालक्रम लावला आणि ते कोसळलं. हा पंजा ८ फेब्रुवारी १८५७ ला इराणात, बुशहरजवळच्या खुशाबच्या लढाईत, इराणी पलटणीकडून जिंकलेल्या निशाणावरचा आहे.

झालं का संशोधन? नाही हो. पंजावर कोरलेलं वर्ष आहे हिजरी १०६६, म्हणजे इ.स. १६५५-५६. लढाईच्या दोनशे वर्षं आधीचं! मग त्या पलटणीकडे तो कुठून आला? की वर्ष मागाहून कोरलं? शिवाय त्यावरच्या मजकुराचा अर्थ आहे, 'देवाचा हात त्यांच्या हातांवर आहे'. हे कुराणातलं वचन निष्ठेच्या शपथेच्या संदर्भात येतं. शिया परंपरेत पाच बोटं म्हणजे पैगंबर, फातिमा, अली, हसन, हुसेन. रेजिमेंटसाठी मात्र तीच वस्तू विजयाची खूण. 'पंजा म्हणजे शौर्य' असं एका ओळीत लिहिणाऱ्यांचं म्हणूनच मला पटत नाही. ते जिंकणाऱ्याचाच अर्थ उचलतात.

मोहरमचा धागा फेकून देऊ नका, फक्त जागा बदला. उगमाच्या प्रकरणातून तो काढा आणि वाचनाच्या प्रकरणात घ्या: पंजा लहानपणापासून पाहिलेल्या दख्खनी स्वाराला आपल्या निशाणावर तो दिसला, तेव्हा त्याने काय ओळखलं असेल? इथे भरती-नोंदी हव्यात, सवारीचे फोटो नव्हेत.