‘हर हर महादेव’ आणि तिकीट काढलेला प्रेक्षक

भोरजवळच्या शिंद गावचे बाजीप्रभू २०२२ साली दोनदा पडद्यावर आले : फेब्रुवारीत ‘पावनखिंड’मध्ये, ऑक्टोबरात अभिजित देशपांडे यांच्या ‘हर हर महादेव’मध्ये. दुसऱ्या चित्रपटात महाराज व बाजी यांनाच एकमेकांसमोर उभे केले, असा आक्षेप निघाला. रोहिड्याच्या बांदलांचे मावळे जुलै १६६० मध्ये घोडखिंडीत धारातीर्थी पडले. भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यातील प्रेक्षकाच्या ते जिव्हारी लागावे, यात नवल नाही. माझ्या मते, इतिहासातले नाट्य अपुरे वाटून पदरचे घालणे हीच येथे पटकथेची दुबळी बाजू आहे.

परंतु ७ नोव्हेंबरला ठाण्याच्या एका मॉलमध्ये चालू खेळ बंद पाडला गेला, एका प्रेक्षकाला मारहाणही झाली. वाचकहो, तिकीट त्याने काढले होते. कंटाळून मध्येच उठण्याचा किंवा घरी मुलांना ‘हे असे घडले नाही’ म्हणून सांगण्याचा अधिकारही त्याचाच. दिग्दर्शकाला जाब जरूर विचारावा. कारीच्या जेध्यांची शकावली भोर तालुक्यातलीच; ती पुढ्यात ठेवून विचारावा. अंधारात बसलेल्या माणसावर हात टाकून चित्रपटातले कोणते दृश्य सुधारले?