ताटातली भाकरी, चहातला गूळ आणि विसरलेला हुलगा

वजन कमी करायचं म्हटलं की मराठी घरात दोन नावं निघतातच. डॉ. जगन्नाथ दीक्षित आणि ऋजुता दिवेकर. दीक्षितांनी डॉ. श्रीकांत जिचकारांचा विचार पुढे नेला: दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण 55 मिनिटांत संपवा. दिवेकर सांगतात, आपल्या मातीतलं, आजीच्या स्वयंपाकघरातलं खा, तुपाला भिऊ नका. दोघांबद्दल मला आदर आहे. पण आज हे दोन्ही सल्ले मी सातारा-सांगलीच्या ताटापुढे ठेवून बघणार आहे, कारण तिथं ते थोडे अडतात.

'मातीतलं खा' हे आधी घेऊ. आता बघा, आमच्या मातीत पिकतं काय? ऊस. म्हणजे साखर आली आणि कराडकडचा गूळही आला. तासगावचा बेदाणा. महाबळेश्वरजवळचं मांघर तर 2022 पासून 'मधाचं गाव'. वर साताऱ्याचा कंदी पेढा आहेच. सगळं स्थानिक, आणि सगळं गोड! स्थानिक असण्यानं चव मिळते, शेतकऱ्याला पैसा मिळतो. पोटावरच्या चरबीला मात्र गावाचं नाव कळत नाही.

हायवेला गुळाच्या चहाच्या पाट्या दिसतात. लोक निर्धास्त दोन कप घेतात. अहो, साखरेच्या एका ग्रॅममध्ये 4 कॅलरी असतात आणि गुळाच्या त्याहून जराशाच कमी. गुळात लोह असतं हे खरं, पण चहापुरत्या गुळातून ते मिळणार किती? चार कप, प्रत्येकी दोन चमचे, म्हणजे 40 ग्रॅमच्या आसपास झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वरून घातलेलं गोड, मधसुद्धा धरून, शक्यतो 25 ग्रॅमच्या आत असावं. मग बिनसाखरेची गोड गोळी? त्याच संघटनेनं 2023 मध्ये सांगितलं की वजन आटोक्यात ठेवायला तिचा आधार घेऊ नका. हा सल्ला मधुमेह नसलेल्यांसाठी होता. तेव्हा चमचाच लहान करा.

भाकरीचंही तेच. चपाती सोडून भाकरी धरली, तरी वजन हलत नाही, अशी तक्रार असते. एका जाड भाकरीला 50-60 ग्रॅम पीठ लागतं, फुलक्याला त्याच्या निम्मं. पिठाला पीठ तोललं तर कॅलरी जवळपास सारख्याच. ज्वारी-बाजरीतल्या चोथ्यानं पोट भरल्यासारखं वाटतं, हा फायदा खरा. पण दोनाच्या जागी एक भाकरी घेतली तरच तो अंगी लागतो. ब्राऊन ब्रेडच्या पुडक्यावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहिलेले असतात. पहिलं नाव मैदा असेल, तर रंगाला भुलू नका.

आता दीक्षितांकडे येतो. गोड कमी करा, प्रथिनं वाढवा, हे तेही सांगतात. लोकांच्या लक्षात राहिले ते 55. आयसीएमआरचा 2020 चा हिशोब किलोमागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिनांचा आहे. 60 किलोच्या बाईला 50 ग्रॅम. दोनच जेवणं, म्हणजे एका ताटात 25. दोन भाकऱ्या आणि पातळ आमटीत जेमतेम 15 भरतात. उरलेलं कुठून येणार? चरबीबरोबर स्नायूही झिजतात, आणि बाई म्हणते, अशक्तपणा आलाय. याउलट एक भाकरी, 50 ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ आणि दोन अंडी घेतली की 25 च्या पुढे गेलो. अंडं चालत नसेल तर उसळ वाढवा, दही घ्या. मूठभर शेंगदाण्यांत 7 ग्रॅम प्रथिनं आहेत खरी, पण सोबत 170 कॅलरी येतात; प्रत्येक भाजीत कूट घालणाऱ्या आपल्या लोकांनी हे ध्यानात ठेवावं. (मधुमेहाची औषधं चालू असतील किंवा किडनीचा त्रास असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काही करू नका.)

माण, खटाव, जत, आटपाडीकडं हुलगा पिकतो. त्याची उसळ, शेंगोळी हे दुष्काळातलं, गरिबाचं खाणं म्हणून हिणवलं गेलं. कृष्णाकाठी सोयाबीनची पोतीच्या पोती बाजारात जातात, घरात पावशेरही राहत नाही. आजीच्या स्वयंपाकघराची आठवण काढायची तर हीही काढावी, की त्या आजी सगळ्यांच्या मागून जेवायच्या. उसळ संपलेली असायची, आमटीचं वरचं पाणी उरायचं. आजही बऱ्याच घरांत वजन कमी करायला सांगितलेली बाई हीच असते, आणि घरातलं अंडं नवऱ्याच्या नि पोराच्या ताटात जातं. डाएटच्या कुठल्याही पुस्तकावर बोलताना मी आधी हेच विचारतो: हे ताट वाढतंय कोण, आणि तिच्या वाट्याला काय उरतंय?