खुर्ची बदलली की माप बदलतं

आजचा विषय सरकारी तुटीचा आहे, पण मी अर्थशास्त्राचा माणूस नाही, हे आधी सांगितलेलं बरं. मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. त्यामुळे तूट किती असावी, हे मी सांगणार नाही. तूट, खर्च आणि करकपात यांबद्दल आपले राजकीय पक्ष जे बोलतात, त्यात काही सुसंगती आहे का, एवढंच तपासणार आहे.

सुरुवात एका आठवड्यापासून करू. २०२४ साल, महाराष्ट्रात विधानसभेची निवडणूक तोंडावर आलेली. ३१ ऑक्टोबरला काँग्रेसचे अध्यक्ष मल्लिकार्जुन खर्गे बेंगळुरूत आपल्याच लोकांना जाहीरपणे सुनावतात, की अर्थसंकल्प बघून आश्वासनं द्या. महाराष्ट्रातही हेच सांगितलंय. १ नोव्हेंबरला पंतप्रधान त्यावर बोट ठेवतात, की अवास्तव आश्वासनं देणं सोपं आणि पाळणं कठीण, हे काँग्रेसला आता कळू लागलंय. दोघांचंही म्हणणं योग्य. आता पुढे बघा. ५ नोव्हेंबरला कोल्हापुरात महायुती जाहीर करते, की 'लाडकी बहीण'चे १,५०० रुपये आम्ही २,१०० करू. ६ नोव्हेंबरला मुंबईत महाविकास आघाडी सांगते, आम्ही ३,००० देऊ. हीच आघाडी काही महिन्यांपूर्वी १,५०० रुपयांवर टीका करताना तिजोरीत पैसा कुठाय, असं विचारत होती. अंथरूण पाहून पाय पसरा, हा उपदेश सात दिवससुद्धा टिकला नाही. तोही दोन्हीकडे.

यावर हसणं सोपं आहे. पण इथे एक फरक करायला हवा. मत बदलणं हा दोष नाही. २०२०-२१ मध्ये केंद्राची राजकोषीय तूट जीडीपीच्या ९ टक्क्यांच्या वर गेली. कायद्यातलं उद्दिष्ट होतं ३ टक्के. टाळेबंदीत कर आटले होते, लोकांना धान्य द्यायचं होतं. तेव्हा तूट वाढू देणंच शहाणपणाचं होतं. परिस्थिती बदलली म्हणून मत बदललं, हे समजू शकतं. पण ३१ ऑक्टोबर ते ६ नोव्हेंबर या काळात राज्याच्या तिजोरीत काय बदललं? काही नाही. मतदान सहा दिवसांनी जवळ आलं, इतकंच. तेव्हा इथे मत बदललेलं नाही, माप बदललंय.

हे ओळखायची एक साधी कसोटी आहे. खुर्च्यांची अदलाबदल करून बघायची. मी दिलेलं कारण उद्या माझ्या विरोधकाने दिलं, तर मी ते मान्य करीन का? मान्य करणार नसेन, तर ते कारण नव्हतं, सोय होती. कांटने यावर मोठा ग्रंथविस्तार केलाय. आपल्याकडे हीच गोष्ट थोडक्यात सांगतात: आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

आता ही कसोटी नावांना लावू. जुलै २०२२ मध्ये बुंदेलखंड द्रुतगती मार्गाच्या उद्घाटनाला पंतप्रधानांनी 'रेवडी' हा शब्द रूढ केला. त्याआधी, फेब्रुवारी २०१९ मध्ये, लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर, त्यांच्याच सरकारने शेतकऱ्यांना वर्षाला ६,००० रुपये थेट खात्यात द्यायला सुरुवात केली होती. ती झाली 'सन्मान निधी'. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कंपन्यांच्या कराचा मूळ दर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला. त्यामुळे वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचा महसूल सोडावा लागेल, असा अंदाज सरकारनेच दिला होता. ती झाली 'सुधारणा'. दुसऱ्याने वीज फुकट दिली, की ती रेवडी.

तिजोरीच्या बाजूने बघा. दिलेला रुपया आणि न घेतलेला रुपया, दोन्हींनी पडणारं भोक सारखंच असतं. करकपातीने गुंतवणूक वाढते, म्हणून ती वेगळी, असं म्हणता येईल. असेलही. पण मग पुरावा मागू या ना! २२ टक्क्यांचा दर घेताना कंपनीला इतर सवलती सोडायच्या होत्या. गुंतवणूक वाढवा, माणसं नेमा, अशी अट नव्हती. आणि १,५०० रुपयांसाठी बाईला ई-केवायसी सक्तीची. एकाकडे विश्वास आणि दुसरीकडे पडताळणी, हेही माप बदलणंच आहे.

काँग्रेसने या करकपातीवर टीका केली. ठीक. पण संपुआच्या काळातही अशा सवलती होत्याच. २००६ पासून अर्थसंकल्पासोबत 'सोडून दिलेल्या महसुला'चं विवरण येऊ लागलं. २०१३-१४ साठी तो आकडा ५ लाख कोटींच्या वर होता. मोजण्याच्या पद्धतीवर वाद आहेत, आकडा फुगलेला आहे असंही म्हणतात. पण निदान नाव तरी प्रामाणिक होतं. पुढच्या सरकारने नाव बदललं. आता ते 'कर-प्रोत्साहनांचा महसुलावरील परिणाम' झालंय. शब्द बदलला आणि सोडून दिलेला पैसा दिसेनासा झाला.

रोख्यांचंही तसंच. संपुआने तेल कंपन्यांना रोखे दिले, त्याला २०२१ मध्ये अर्थमंत्र्यांनी चलाखी म्हटलं. टीका योग्य होती, कारण तो बोजा पुढच्यांवर ढकलला होता. पण २०१७ मध्ये याच सरकारने सरकारी बँकांना भांडवल द्यायला १ लाख ३५ हजार कोटींचे रोखे जाहीर केले, त्याला मात्र 'पुनर्भांडवलीकरण' असं भारदस्त नाव.

चार्वाकाची मला इथे आठवण होते. कर्ज काढून चैन करणारा, अशी त्याची ख्याती. पण त्याचं म्हणणं आपल्याला कळतं ते मुख्यतः त्याच्या विरोधकांच्या ग्रंथांतून. सरकारच्या तुटीचंही तसंच आहे. ती आपल्याला कळते विरोधकांच्या तोंडून. ते विरोधक सत्तेवर आले, की ग्रंथ बंद.

खरं तर चांगलं माप आपल्याकडे होतं. २००३ च्या वित्तीय उत्तरदायित्वाच्या कायद्यात राजकोषीय तुटीसोबत महसुली तूट संपवण्याचंही उद्दिष्ट होतं. कर्ज काढून कालवा बांधणं वेगळं आणि कर्ज काढून महिन्याचा खर्च भागवणं वेगळं, हा शहाणा भेद त्यात होता. २०१८ मध्ये महसुली तुटीचं उद्दिष्ट काढून टाकलं. कुठल्या प्रचारसभेत तुम्ही हे ऐकलंत का?

आता यात कोणाचं काय बिघडतं ते बघू. निवडणूक झाली. मार्च २०२५ मध्ये राज्याचा अर्थसंकल्प आला. महसुली तुटीचा अंदाज ४५ हजार कोटींच्या वर. 'लाडकी बहीण'ची तरतूद आधीच्या ४६ हजार कोटींवरून ३६ हजार कोटींवर आली, आणि २,१०० रुपयांचा पत्ता नाही. कर्जमाफी जाहीरनाम्यात होती. मार्चच्या शेवटी अजित पवारांनी शेतकऱ्यांना सांगितलं, ३१ तारखेच्या आत हप्ते भरा. बोलणं खरं होतं, पण मतदानाआधी बोलायला हवं होतं. पुढे सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास खात्यांचा निधी 'लाडकी बहीण'कडे वळवला गेला. त्या खात्याच्या मंत्र्यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली. मागासवर्गीय मुलांची वसतिगृहं आणि शिष्यवृत्त्या याच खात्यातून चालतात. म्हणजे एका गरिबाच्या ताटातलं काढून दुसऱ्याला वाढलं, आणि वाढणाऱ्याचा फोटो छापला.

कृपया असं समजू नका, की मी त्या १,५०० रुपयांच्या विरोधात आहे. ज्या बाईच्या हातात स्वतःचा म्हणून पैसा कधी आला नाही, तिला त्याचं मोल आपल्यापेक्षा जास्त कळतं. माझी तक्रार पक्षांच्या अर्धवट बोलण्याबद्दल आहे. पूर्ण वाक्य असं हवं: आम्ही इतकं देऊ, त्यासाठी अमुक कर वाढवू किंवा अमुक खर्च कापू. हे वाक्य आपल्या पक्षांनी आपसात वाटून घेतलंय. देणारा पहिला अर्धा भाग बोलतो, विरोधक दुसरा. खुर्च्या बदलल्या की भागही बदलतात. पूर्ण वाक्य कोणाच्याच तोंडून येत नाही, आणि मतदाराला निवड करायची असते ती नेमकी त्या पूर्ण वाक्यावर.

अर्धं वाक्य ऐकून आपण टाळ्या वाजवतो, हाही त्यातलाच भाग आहे. तेव्हा पुढच्या वेळी उमेदवार दारात आला, तर किती देणार हे विचारू नका, ते तो स्वतःहून सांगेलच. उरलेलं अर्धं वाक्य पुरं करायला सांगा. आणि ते आपल्या आवडत्या पक्षाच्या उमेदवाराला आधी विचारा, कारण खुर्च्यांची कसोटी आपल्यालाही लागू आहे.

थांबतो. आता आपले प्रश्न घेऊ.