आमरचे थडगे : निवाड्याविना उरलेली नोंद

'हिस्टोरिया ब्रिटोनम' या नवव्या शतकातील लॅटिन ग्रंथानुसार आर्थरने स्वपुत्र आमर याला ठार मारून तेथेच पुरले. कारण दिलेले नाही. थडगे कधी सहा, कधी नऊ, बारा वा पंधरा फूट भरते आणि हे आपण स्वतः पडताळले आहे, असे निवेदक सांगतो. त्यामुळे ही नोंद केवळ अद्भुतकथा न राहता साक्ष ठरते. परंपरेने हे थडगे म्हणजे हिअरफर्डशायरमधील वर्मेलो टंप हे प्राचीन टेकाड होय. त्याच्याच नावाच्या 'हंड्रेड' या प्रशासकीय विभागाची न्यायसभा पुढे तेथे भरू लागली. ज्या हत्येचा निवाडा झाला नाही, तिच्या स्मारकापाशी इतरांचे निवाडे झाले. १८९६ मध्ये रस्तारुंदीकरणात टेकाड नष्ट झाले; आता साक्ष तेवढी उरली आहे.