मुक्या पात्रांची वाणी

पवित्र ग्रंथांतील कथा नव्यानें सांगणारा लेखक मुळांतील मौनाचें काय करतो, ह्यावरून त्याची पारख करावी, असें आम्हांस वाटतें. प्राचीन यहुदी लेखकांनीं ह्या कामीं दोन मार्ग चोखाळलेले दिसतात. इसवी सनापूर्वींच्या दुसऱ्या शतकांतील 'योबेलांच्या ग्रंथां'त अब्राहामाकडून पुत्राचा बळी मागण्याची कल्पना मूळची देवाची राहत नाहीं; मस्तेमा नामक दुष्ट शक्तीच्या चिथावणीनें ती निघते. श्रद्धाळू वाचकाचें मन निवतें खरें. पण मूळ कथेंतील भयंकर प्रश्न बोथट होतो.

दुसरा मार्ग ह्याहून थोर. बायबलांतील 'शास्ते' ह्या पुस्तकांत इफ्ताह नवसापायीं पोटच्या मुलीचा बळी देतो. तिचें नांव तेथें नाहीं. ती डोंगरांत जाऊन दोन महिने रडली, पण त्या रडण्यांतला एक शब्दहि आपणांस कळत नाहीं. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमारास रचलेल्या व आज केवळ लॅटिन भाषांतरांत उरलेल्या एका ग्रंथानें तिला सेइला हें नांव दिलें आणि डोंगरांना उद्देशून केलेला तिचा विलापहि दिला. नवस टळला नाहीं, बाप निर्दोष ठरला नाहीं. पण मुलगी मुकी राहिली नाहीं.

आपल्याकडे ह्याच जातीचें काम माणदेशांतील शेटफळे गांवीं १९१९ सालीं जन्मलेल्या ग. दि. माडगूळकरांनीं केलें. १९५५-५६ सालीं पुणें आकाशवाणीवरून, सुधीर फडके ह्यांच्या संगीतासह, 'गीतरामायणा'चीं ५६ गीतें घरोघर पोंचलीं. त्यांत कथा बहुतांशीं पात्रांच्याच मुखानें पुढें सरकते. वाल्मीकींच्या बालकांडांत शापमुक्त झालेली अहल्या पाहुण्यांचें आतिथ्य करते, परंतु बोलत नाहीं. माडगूळकरांची अहल्या गाते. हिला सेइलेची बहीणच म्हणावी.

परंतु येथेंच एक तक्रार नोंदविणें प्राप्त आहे. वाल्मीकींच्या कथेंत राम-लक्ष्मण हे अहल्येचे पाय धरतात. माडगूळकर उत्तरकालीन परंपरेस अनुसरून रामाच्या चरणस्पर्शानें तिचा उद्धार करवितात. तिला वाणी मिळाली, पण तो मान गेला. अनेक मराठी घरांत गीतरामायण हेंच रामायण होऊन बसलें असल्यामुळें ही हानि लहान नव्हे. नवी कथा मुळाकडे नेते तोंवर ती उपकारक. मुळाची जागा तिनें घेतली, कीं आपलें कांहींतरी हरवतें. तेव्हां गीताचा आनंद अवश्य घ्यावा. पण मुलांना तें ऐकवितांना, रामहि अहल्येपुढें वांकला होता, हें सांगावयास विसरूं नये.